पिन एक झाली, चार्जर कधी एक होणार?

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावात मोबाइल आता चैनीची वस्तू उरलेली नाही. २०२१पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर करायची, तीही शेतात उभे राहून, फोटो काढून. पीएम-किसानच्या ई-केवायसीचा ओटीपीही फोनवरच येणार. जीपीएस आणि स्क्रीन चालू राहिली की बॅटरी भराभर उतरते, आणि वीज असेल तेवढ्या वेळात फोन भरून घ्यावा लागतो. तासभर लावूनही तो भरला नाही की दोष बॅटरीला दिला जातो. पुष्कळदा बॅटरी धडधाकट असते. चार्जर, केबल आणि फोन यांचे आपसांत जुळत नसते. टाइप-सीमुळे पिन सारखी झाली, पण तिच्या आतला संवाद अजून सारखा नाही. तो कायद्याने सारखा करायला हवा.

यूएसबी मुळात संगणकाला माउस, कीबोर्ड जोडण्यासाठी आली. यूएसबी २.०च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॅट मिळत. पुढे चार्जरमधल्या डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडून, समोर संगणक नसून चार्जर आहे अशी खूण फोनला देण्याची पद्धत ठरली आणि फोन दीड अँपिअरपर्यंत घेऊ लागले. टाइप-सीमध्ये या खुणेसाठी वेगळी तार आहे. तिच्यावरून साधी खूण मिळाली तर फोन ५ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅटपर्यंत घेऊ शकतो. त्याच तारेवर ‘पॉवर डिलिव्हरी’, म्हणजे पीडीचा संवाद चालतो: चार्जर आपल्याकडे ५, ९, १५, २० यांपैकी कोणते व्होल्ट आहेत ते सांगतो आणि फोन हवे ते मागतो. व्होल्ट वाढवण्यात अर्थ आहे. १८ वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर ३.६ अँपिअर लागतात, ९ व्होल्टवर दोनच. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारीक, लांब केबलवर फोन रेंगाळतो तो यामुळेच. मोठ्या वॅटच्या चार्जरने फोन जळतो, ही भीती मात्र चांगल्या बनावटीच्या चार्जरबाबत निराधार आहे. पंगतीत वाढपी केवढेही पातेले घेऊन आला तरी ताटात मागितले तेवढेच पडते.

अडचण कंपन्यांनी काढलेल्या आपापल्या पद्धतींची आहे. क्वालकॉमची क्विक चार्ज वेगळी, ओप्पोची व्हूक वेगळी. अनोळखी जोडी पडली की चार्जर ५ व्होल्टवरच राहतो. पडद्यावर चार्जिंगची खूण दिसते, वेग मात्र गेलेला असतो. जुन्या, चपट्या आयताकृती पोर्टच्या चार्जरला टाइप-सी केबल लावली तरी पीडी मिळत नाही. युरोपीय संघाने २०२२च्या कायद्यात हे नेमके ओळखले. २८ डिसेंबर २०२४पासून तिथे विकायच्या नव्या फोन-टॅब्लेटला टाइप-सी तर हवेच, शिवाय १५ वॅटहून अधिक घेणाऱ्याला पीडीही कळले पाहिजे आणि किती वॅट लागतात ते छापले पाहिजे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे, चार्जरला नोंदणीही लागते. पण ती नोंदणी सुरक्षिततेची. तुमचा फोन या चार्जरशी बोलेल का, हे तिच्यावरून कळत नाही.

सक्तीने नवे संशोधन थांबेल, असा कंपन्यांचा आक्षेप असतो. युरोपचा कायदा स्वतःची पद्धत ठेवायला मनाई करत नाही; तिच्या जोडीला पीडी पूर्ण चालावे एवढेच मागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियमांमुळे स्वस्त चार्जर महागला तर खेड्यातल्या ग्राहकालाच झळ बसेल. पण १५ वॅटपर्यंतच्या फोनवर पीडीचे बंधन घालण्याची गरजच नाही, आणि वॅटचा आकडा ठळक छापायला शाईपलीकडे फारसा खर्च नाही. उलट आजच एकाच घरात फोनचा एक, टॅब्लेटचा दुसरा असे चार्जर विकत घ्यावे लागतात, तो खर्च कोणी मोजत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने पीडी आणि वॅटची ठळक छपाई, तीही मराठीसह स्थानिक भाषेत, सक्तीची करावी. तोवर दुकानात चार्जर घेताना वॅट किती, पीडी आहे का आणि केबल किती अँपिअरची, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.