पाना कुणाच्या हातात?

"गाडीचं इंजिन उघडत बसणं हे संघटनेचं काम आहे का?" तालुक्याच्या बैठकीत आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं विचारलं आणि बऱ्याच जणी हसल्या. त्या हसण्याला हे उत्तर.

आमची ओम्नी जुनी. कंपनीनं हे मॉडेल २०१९ मध्ये बंदच केलं. गेल्या उन्हाळ्यात घाटात ती तापली आणि हेड गॅस्केट उडालं. गॅरेजवाल्यानं पहिलं वाक्य काय उच्चारावं? "मॅडम, कुणी जेन्ट्स असतील तर त्यांना पाठवा, त्यांना समजावतो." गाडी तीन आठवडे तिथंच पडून. बिल नव्या हेडचं. जुनं हेड मागितलं, तर म्हणे भंगारात गेलं. त्याच तीन आठवड्यांत एका वस्तीवरून रात्री फोन आला. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई, सोबत दोन लेकरं. आम्ही पोचू शकलो नाही. तिनं ती रात्र एस.टी. स्टँडवर काढली. आता सांगा, हे काम कुणाचं?

दोन महिन्यांत ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, म्हणजे ऑइलमध्ये पुन्हा पाणी. या वेळी गाडी माझ्या अंगणात लावली. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला केसवर्क शिकवलं, पाना धरायला नाही. तो शिकवला आमच्या गटातल्या मावशींनी. नवरा गेल्यावर बारा वर्षं विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांनीच चालवलं, उघडलं, जोडलं. त्यांना मेकॅनिक कधी कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट काढल्या, बॅटरीची तार सोडली, इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाणी काढलं. टायमिंग बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवून त्यांवर रंग लावला. तिथं एक दात चुकला तरी इंजिन नीट चालत नाही. हेडचे बोल्ट कडेकडून मधे, थोडे थोडे सैल केले आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्याच्या त्याच्या जागी खोचले. हेड अॅल्युमिनियमचं, दोघींनी सहज उचललं. सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेजची पाती सरकवली, ती मधोमध आरामात शिरली. हेड वाकलेलं, दोन व्हॉल्व्हच्या मधे चीर, आणि नव्याचे पैसे घेतलेल्या या हेडवर जुन्या वेल्डिंगचा डाग!

व्हॉल्व्हसकट तयार हेड आणलं. नवं गॅस्केट घातलं, आणि बोल्ट मधून कडेला, टप्प्याटप्प्यानं, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्यानं आवळले. दोन रविवार गेले. पहिल्यांदा पाणी गळलं, कारण थर्मोस्टॅटच्या झाकणाचं गॅस्केट विसरलो होतो. हसायचंच असेल तर यावर हसा.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलं होतं, की चालू इंजिन, शाफ्ट, पट्टे यांची सफाई, ऑइल घालणं, जुळवणी ही कामं बाईला आणि अल्पवयीनांना देऊ नयेत. बाई आणि पोरं एकाच ओळीत! पुरुषाची बोटं काय लोखंडाची असतात? बाईलाच यंत्रापासून दूर केलं. आणि तीच बाई रानात कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरण सारते, तेव्हा तिच्या बोटांची काळजी कुणाला नसते.

पण सरकारला बोलून आपण कशा सुटणार? प्रकल्प आला की आपणही शिलाई मशीन, पापड, पार्लर यांपलीकडे जात नाही. बरं, ते शिलाई मशीन बिघडलं की बाई कुणाकडे नेते? बाप्याकडेच.

सगळं अंगणात होत नाही. हेडची फेसिंग करायची तर वर्कशॉप लागतंच. प्रत्येकीनं इंजिन उघडावं असंही मी म्हणत नाही. पण काय बिघडलं, काय बदललं हे ओळखणारी एक तरी बाई प्रत्येक गटात हवी. नाहीतर रात्रीबेरात्री एखादीपर्यंत पोचणं कुणा बाप्याच्या सवडीवर राहणार.

आमच्या निधीच्या अर्जात दहा शिलाई मशीन होती. त्यातलं एक खोडून मी पान्यांचा संच, फिलर गेज आणि टॉर्क पाना लिहिला आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मतं घ्यायची आहेत.