फँटसी बेसबॉल: सामने बंद असताना संघ कसा बांधला जातो?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत संपतो आणि मार्चअखेर पुन्हा सुरू होतो. फँटसी बेसबॉल खेळणाऱ्यांची खरी धावपळ मात्र मधल्या हिवाळ्यातच असते.

आपल्याकडे फँटसी म्हटलं की ड्रीम इलेव्हन आठवतं. एका सामन्यापुरता संघ, सामना संपला की विषय संपला. (ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर त्यातले पैसे लावून खेळायचे प्रकारही बंद झाले.) अमेरिकेतला 'डायनेस्टी' प्रकार याच्या उलट. त्यात निवडलेला खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतो. त्यामुळे कुठला मोठा खेळाडू कुठल्या क्लबात गेला आणि कुठलं पोरगं पुढे मोठं होणार, या दोन्हींवर नजर ठेवावी लागते.

मोठ्या करारांचे आकडे डोळे दिपवतात, पण फँटसीत ते बिनकामाचे. हुआन सोटोने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. त्यातल्या एकाही डॉलरला गुण मिळत नाही. गुण मिळतात ते होमरन, धावा, चोरलेले बेस यांना. म्हणून आधी बघायचं ते नवं मैदान आणि फलंदाजीतला क्रमांक. तरी अंदाज चुकतातच. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर होमरन मारणं अवघड. विली अदामेस तिथे गेला तेव्हा त्याचे होमरन घटणार असं वाटणं साहजिक होतं. २०२५ मध्ये त्याने ३० मारले. जायंट्सच्या एखाद्या फलंदाजाने हा आकडा गाठला होता तो थेट २००४ मध्ये, बॅरी बाँड्सने. आणि सोटो? २०२४ मध्ये ७ बेस चोरणाऱ्या या गड्याने मेट्सकडे येऊन ३८ चोरले!

नवोदितांचा मामला याहून बेभरवशाचा. पॉल स्कीन्स २०२३ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. मे २०२४ मध्ये तो मैदानात उतरला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आदल्या वर्षीची पहिली निवड होती जॅक्सन हॉलिडे. एप्रिल २०२४ मध्ये पदार्पण, ३४ संधींत फक्त २ हिट, आणि रवानगी पुन्हा मायनर लीगमध्ये. पण तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. अशा वेळी घाईने त्याला विकणं हीच फँटसीतली नेहमीची चूक.

शिवाय खेळाडू तयार असला तरी क्लब त्याला वर बोलावेलच असं नाही. सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मुक्त होतो आणि एक वर्ष मोजायला १७२ दिवस लागतात. काही आठवडे थांबवलं की क्लबाला तो आणखी एक वर्ष स्वस्तात मिळतो. फँटसीवाला तेवढे दिवस रिकामी जागा सांभाळत बसतो.

जपानचा रोकी सासाकी जानेवारी २०२५ मध्ये डॉजर्सकडे आला, तो अवघ्या ६५ लाख डॉलरच्या बोनसवर, कारण पंचविशीच्या आतल्या परदेशी खेळाडूंना नियमांची मर्यादा आहे. मे महिन्यात खांदा दुखावला आणि तो थेट सप्टेंबरअखेर परतला. ऑक्टोबरमध्ये बाद फेरीचे सामने त्याने झोकात संपवले, पण बहुतेक फँटसी लीगचा हिशेब तोवर बंद झालेला असतो.