खरडलेली जमीन व सरकारी मदत

सन २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत व सोलापुराकडे जे पूर आले, त्यांनीं उभें पीक तर नेलेंच. पण कित्येक रानांतील मातीहि खरडून नेली. पीक गेलें तर पुढील हंगामीं पुन्हां पेरतां येतें. माती गेली म्हणजे शेतच गेलें. हा भेद सरकारनें ओळखला, याबद्दल आम्ही त्याचें मोकळ्या मनानें अभिनंदन करितों. त्या ऑक्टोबरांत जी मदत जाहीर झाली, तींत अशा जमिनीस हेक्टरीं ४७,००० रुपये रोख व रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरीं ३ लाख रुपयांपर्यंत, अशी निराळी तरतूद होती.

परंतु तरतुदीचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनीं स्वतःच मांडून पहावा. एका हेक्टरावर सहा इंच माती पसरावयाची म्हटली, तर सुमारें १५०० घनमीटर माती लागते. ट्रॉलींत ३ घनमीटर धरले, तरी ५०० खेपा! रोख रकमेंतून खेपेस ९४ रुपये पडतात. इतक्यांत गाळ उकरणें, भरणें, वाहणें व पसरणें होईल काय? तेव्हां हा पैसा मातीपर्यंत न पोंचतां बहुधा उधारींत व व्याजांत जिरतो. यांत शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. घरांत दाणा नसतां हातीं आलेला पैसा कोण राखून ठेवील? शिवाय रोख मदत सातबाऱ्यावरील नांवानें मिळते. बटाईनें कसणाऱ्याच्या पदरीं काय, तें त्यानेंच जाणावें.

राहिले ते ३ लाख. त्यांत खेपेस ६०० रुपये पडतात. तेथें हिशेब जमूं लागतो. पण ज्या २००५ च्या कायद्याच्या आधारें ही घोषणा झाली, त्याचा हेतु हातांस काम देण्याचा. मजुरीचा वांटा निदान ६० टक्के असावा, मजुरांचें काम हिरावणारीं यंत्रें होतां होईल तों वापरूं नयेत, असा त्याचा दंडक. कोसावरील तलावांतला गाळ डोक्यावरील पाट्यांनीं कसा यावयाचा? पुढें डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. तेव्हां कबूल केलेल्या कामांचें काय होणार, हें शेतकऱ्यास सोप्या भाषेंत कळविणें अगत्याचें आहे.

१८८३ च्या कायद्याची तगाई कर्जाऊ होती व ती ज्याची त्यानें घ्यावयाची. १९४२ च्या मुंबईच्या जमीन-सुधारणा कायद्यानें मात्र साऱ्या क्षेत्राची एकत्र योजना आंखण्याची वाट दाखविली. तीच येथें धरावी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहेच. गाळ उकरणें व वाहणें तिच्या यंत्रांकडे, पसरणें व बांध घालणें मजुरांकडे, अशी वांटणी गांवोगांव व्हावी. कोणाच्या रानांत किती खेपा पडल्या, याची यादी चावडीवर लागावी. तलाव आटलेले असतात ते उन्हाळ्यांतच. मृग लागल्यावर मंजुरी आली, तर तिचा कागद शेतकऱ्यानें कोठें पेरावा?