गाडीची किल्ली देण्याआधी

आपल्या मंडळातली मुलं रोबोटिक्सच्या स्पर्धांत भाग घेतात, कोडिंग करतात, पंधराव्या-सोळाव्या वर्षी लर्नर्स परमिटही काढतात. पण गाडीतला फोनचा चार्जर अचानक बंद पडला, की प्रश्न एकच : "बाबा, मेकॅनिककडे कधी न्यायची?" माझं म्हणणं असं, की मुलांच्या हातात किल्ली देण्याआधी त्यांना फ्यूज बदलायला शिकवावं. मुलीलाही तितक्याच आग्रहाने.

काम अवघड नाही. बहुतेक गाड्यांत फ्यूजचे दोन डबे असतात : एक हुडखाली बॅटरीजवळ, दुसरा स्टिअरिंगखाली किंवा डॅशबोर्डच्या कडेला. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. गाडी पूर्ण बंद करायची. प्लास्टिकच्या छोट्या चिमट्याने फ्यूज सरळ ओढून काढायचा आणि उजेडात धरायचा. आतली बारीक पट्टी तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली, की तो उडालेला आहे. त्याच आकाराचा, त्याच अँपिअरचा नवा बसवायचा. रंगांवरून ओळख पटते : 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. तरी वरचा आकडा वाचायचाच.

खरी शिकवण मात्र यापुढची आहे, आणि तिथे आम्हा पहिल्या पिढीच्या लोकांना एक जुनी सवय सोडावी लागेल. भारतातल्या घरांत चिनी मातीचे फ्यूज होते. दिवे गेले, की मेणबत्तीच्या उजेडात त्यात तार गुंडाळायची. फ्यूज सारखाच उडायला लागला, की "जरा जाड तार घाला" असं सांगणारे काका प्रत्येक वाड्यात आणि चाळीत असत. दिवे लागत, काकांचं कौतुक होई. पण तो उपाय नव्हता, धोका होता.

फ्यूज हा त्या जोडणीतला मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा असतो. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली, की आधी तो वितळतो आणि पुढची वायर वाचते. 15 च्या जागी 30 चा फ्यूज लावला, किंवा ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून काम भागवलं, तर तापते ती डॅशबोर्डमागची वायर. तिचं आवरण वितळतं आणि आग लागू शकते. नवा फ्यूज पुन्हा उडाला, तर दोष दुसरीकडे आहे असं समजायचं आणि गाडी मेकॅनिककडे न्यायची. एअरबॅगच्या जोडणीला आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना घरी हात लावायचा नाही.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी वेळ कुणाला आहे? रोडसाइड असिस्टन्स आहेच की! आहे ना, आणि मोठ्या बिघाडाला तीच हवी. इथे मुद्दा चार पैसे वाचवण्याचा नाही. पावसात, अंधारात वायपर बंद पडल्यावर घाबरून न जाता गाडी सुरक्षित जागी उभी करणं, काय बिघडलं असेल याचा अंदाज घेणं आणि आपल्याला काय जमेल, काय नाही, हे ओळखणं, हे शहाणपण कुठल्याच ॲपमधून येत नाही. आमची पिढी यंत्राला हात लावायला घाबरत नव्हती. ते धाडस मुलांना द्यावं. जाड तारेचा जुगाड मात्र आपल्यापाशीच संपवावा.

सुरुवात याच दिवाळीत करता येईल. अमेरिकेत मिळणाऱ्या दिव्यांच्या बहुतेक छोट्या माळांच्या प्लगमध्ये, सरकत्या झाकणाखाली, दोन इवलेसे फ्यूज असतात. माळ लागली नाही तर कचऱ्यात टाकण्याआधी प्लग भिंतीतून काढा आणि ते झाकण मुलांना उघडू द्या. मग त्यांना घेऊन गाडीकडे जा. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातलाच होता. आता तिच्या आत काय आहे, तेही एकदा बघून घेऊ.