अलार्मचा खर्च एकट्या घराचा की अवघ्या गावाचा?




घरात चोरीचा अलार्म बसवण्यास किती खर्च येईल, या प्रश्नाचे उत्तर आमच्या लोणी भापकर परिसरातही हल्ली विक्रेत्याच्या दरपत्रकात शोधले जाते. परंतु चौकटीवरचा चुंबकीय सेन्सर, हालचाल टिपणारे यंत्र, भोंगा आणि सिमकार्डाची पेटी यांची 18 टक्के करासह दरपत्रकात मांडलेली किंमत ही खर्चाची केवळ पहिली रक्कम होय. सिमचे रिचार्ज चुकले की पेटीतून फोन जात नाही, वीज गेल्यावर यंत्र चालू ठेवणारी बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, आणि मांजराच्या येण्याजाण्याने भोंगा वारंवार वाजू लागला की शेजारी त्याकडे लक्ष देईनासे होतात. म्हणून देखभालीसह पाच वर्षांचा हिशेब ग्राहकाने विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

तथापि गावठाणापासून दूर, रानातल्या वस्तीवर मध्यरात्री भोंगा वाजला, तर धावून येणार कोण? ती तजवीज नसेल, तर महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

ज्याच्या घरी ऐवज, त्यानेच राखणीचा खर्च सोसावा, असे कोणी म्हणेल. परंतु अलार्म पाहून चोर ऐपतदाराचे घर टाळून शेजारच्या एकट्या वृद्धेच्या घरात शिरला, तर गावाचे रक्षण झाले असे म्हणता येणार नाही. पेशवाईत गावाच्या रखवालीचा मोबदला वतनरूपाने गावाच्या उत्पन्नातूनच दिला जाई. ती वतने गेली, हे योग्यच झाले. पण सामाईक राखणीचे तत्त्व कायद्यात शाबूत आहे. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम 63ब मध्ये ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे, आणि 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत गावाची व पिकांची राखण समाविष्ट आहे. शिवाय पुणे ग्रामीण पोलिसांनी पुरस्कारलेल्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत 1800 270 3600 या क्रमांकावर केलेला फोन संकटग्रस्ताच्याच आवाजात नोंदणीकृत गावकऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी पोहोचतो.

म्हणून येत्या ग्रामसभेने वाड्यावस्त्यांवरील प्रत्येक कुटुंबाचा क्रमांक या यंत्रणेत नोंदवावा, दलाच्या गस्तीचा बंदोबस्त करावा आणि त्यासाठी पंचायतीच्या अंदाजपत्रकात दरसाल स्वतंत्र रक्कम ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एवढे झाल्यावर ज्याची ऐपत असेल त्याने आपल्या घरी अलार्म अवश्य बसवावा. त्याचा भोंगा ऐकून येणारी माणसे तेव्हा गावात तयार असतील.

आपला,
एक वाचक
लोणी भापकर, ता. बारामती, जि. पुणे