जाणकार आहेत, बोलावणे नाही



दिवाळीतील किल्ले स्पर्धांना जाणते परीक्षक मिळत नाहीत, म्हणून लोकप्रिय पाहुणे बोलवावेत, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. जाणकार जवळच असतात, त्यांना कोणी विचारत नाही. गडकोट पायी फिरलेला भटका, शाळेतील कलाशिक्षक आणि कुंभारवाड्यातील कारागीर यांना एकत्र बसवावे. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना किंवा राजगडाच्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी माच्या नेमक्या साधल्या का, हे भटका सांगेल. प्रमाण आणि रंग कलाशिक्षक तपासेल. तटाची माती का तडकली, हे कुंभाराला कळेल.

गुणांचे निकष मुलांना आधी सांगावेत. विकतचे तयार बुरूज आणि हाताने घडवलेले काम एकाच मापाने तोलू नये. परीक्षकांनी मुलांशी बोलूनच गुण द्यावेत आणि मंडळांनी त्यांना मानधन द्यावे.

2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तो वारसा मातीत घडवणाऱ्या मुलांचे काम जाणत्या नजरेनेच पाहिले जावे. मंडळांनी यंदा मंडपाआधी परीक्षक ठरवावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे