घाटात दम लागणारी गाडी

ईदनंतर रत्नागिरीहून कोल्हापूरकडे परतताना आंबा घाटात आमची गाडी रुसली. सपाटीवर ती छान पळत होती, पण चढ लागला आणि झटके देऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर आणखी मंद. मागे अम्मी आणि मुलं, त्यांच्या मागे ट्रकचे दिवे. वळणावर बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो की पुन्हा थोडी चालायची. असं थांबत थांबत, दुरूद पढत आम्ही वर आलो.

गाडी अब्बांच्या हातची, जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८००. ही विकू या, असं कुणी म्हटलं की अम्मी उठून आत जाते. त्यामुळे ती सांभाळणं आलंच. घाटातल्या दुखण्याचं कारण पुढे निघालं ते एका छोट्या डबीत, म्हणजे पेट्रोलच्या फिल्टरमध्ये. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. फिल्टर गाळाने अर्धा बुजला असेल तर सपाटीपुरतं पेट्रोल येतं, चढापुरतं येत नाही. थांबल्यावर तेवढ्या वेळात कार्बोरेटरची वाटी भरते, म्हणून गाडी पुन्हा थोडी चालते. कार्बोरेटरमधला कचरा किंवा थकलेला पंपही असंच दुखणं देतो, पण सुरुवात फिल्टरपासून करावी. तो सगळ्यांत स्वस्त आणि बदलायला सोपा.

जुन्या गाड्यांना हा त्रास आता जास्त होतो, त्याला एक कारण आहे. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागलं. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा साका सोडवतं आणि तो येऊन फिल्टरमध्ये बसतो. शिवाय ते पाणी ओढून घेतं आणि त्या काळच्या रबरी नळ्यांना सोसत नाही. म्हणून फिल्टर आणताना त्याच मापाची हातभर नवी पेट्रोलची नळी आणि चार नव्या क्लिपा आणाव्यात. पाण्याची किंवा वायपरची नळी इथे चालत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो. पुढे लिहिलंय ते फक्त कार्बोरेटरच्या गाडीचं. इंजेक्शनवाल्या गाडीत इंजिन बंद असतानाही नळीत मोठा दाब राहतो. नळी सोडली की पेट्रोल फवाऱ्यासारखं डोळ्यांत येतं. तिथे आधी दाब उतरवावा लागतो. ते माहीत नसेल तर गाडी सरळ मिस्त्रीकडे न्यावी. त्यात कमीपणा नाही.

आमची गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार. सकाळी ती अंगणात काढली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून बंद गॅरेज नको, जवळ स्वयंपाकाची शेगडी नको आणि विडी ओढणारा शेजारी तर नकोच. पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवलं. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर पेट्रोल वर तरंगतं आणि आग पसरते. मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, टाकीचं झाकण सैल करून आतली वाफ सोडली आणि पुन्हा लावलं.

फिल्टर शोधायला रबरी नळीचा माग काढत जावं. आमचा बॉनेटखाली आहे, काही गाड्यांत तो खाली टाकीजवळ असतो. खाली असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला. काही फिल्टरना परतीच्या पेट्रोलची तिसरी नळीही असते, नंतर गोंधळ उडतो. खाली पत्र्याचा डबा धरून क्लिपा सरकवल्या. नळी ओढायची नाही, आधी पिळून सैल करायची. टाकीकडच्या नळीत स्वच्छ बोल्ट खोचला की गळती थांबते. नव्या फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनाकडे. जुना फिल्टर पांढऱ्या फडक्यावर उलटा केला तर तांबूस चिखल पडला. म्हणजे टाकीला गंज धरलाय. ती साफ करून घ्यावी लागणार, नाहीतर नवा फिल्टरही असाच बुजेल.

इथवर सगळं ठीक झालं, आणि मग आमच्याकडून चूक झाली. डब्यात साठलेलं पेट्रोल आम्ही सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि ती ओट्यावर ठेवून हात धुवायला गेलो. पेट्रोल आणि रूह अफजा, दोन्हींचा रंग बाटलीत काही अगदी सारखा दिसत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला त्याचं काय? बाटली ओळखीची होती. त्याने ती उचलून बूचही फिरवलं होतं. अम्मीने पाहिलं म्हणून वाचलो, अल्हमदुलिल्लाह. त्या दिवशी तिने आम्हाला जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही.

पेट्रोल पोटात गेलं तर उलटी करवायची नसते. उलटी करताना ते फुप्फुसात शिरतं आणि खरं नुकसान तिथे होतं. मूल तसंच दवाखान्यात न्यायचं, बाटली सोबत घ्यायची. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची आपल्याकडची सवयही याच कारणाने वाईट. आता आमच्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि तो बाहेरच्या खोलीत कुलपात असतो.

शेवटी बॅटरी जोडून स्टार्टर थोडा थोडा, मध्ये थांबत मारला. वाटी रिकामी असते, गाडी लगेच लागत नाही. चालू झाल्यावर पाच मिनिटं प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहिला. एका क्लिपेपाशी ओल दिसली. इंजिन बंद करून ती आवळली, पुन्हा कागद धरला. कागद कोरडा निघेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढली नाही.

भिजलेली फडकी वॉशिंग मशीनमध्ये टाकू नयेत, आधी उघड्यावर पसरून वाळवावीत. हाताचं ग्रीस काढायला मिस्त्री पेट्रोल वापरतात, त्याने कातडी फाटते. खोबरेल चोळून मग साबण लावला तर निघतं. नखांतला थर मात्र काडीने काढावा, त्याखाली वजूचं पाणी पोहोचत नाही. आमचं हे सगळं उरकेपर्यंत जुम्म्याची अजान झाली. कपडे बदलून निघालो तर अम्मी म्हणाली, अजून वास येतोय, सफीत शेवटी उभे राहा.